टर्बो पेट्रोल इंजिनाचे व्हॅक्यूम पाइप बदलायचे आहेत: कुठला रबर, किती व्यास, कुठे क्लॅम्प?

घाटवळण

इंजिन १.८ लिटर टर्बो पेट्रोल, पोर्ट इंजेक्शनचं. एअर फ्लो सेन्सर आहे, वेस्टगेट (टर्बोला बगल देऊन जादा एक्झॉस्ट सोडणारी झडप) दाबाने उघडणारा आहे आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, कंट्रोल करायला तीन तोंडांचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) आहे. बॉनेटखालचे बारीक रबरी पाइप सगळे मूळचेच. निपलपाशी, म्हणजे पाइप चढवायच्या तोंडांशी, रबर सैल पडलंय, आणि टर्बोच्या बाजूचे दोन पाइप वाकवले की बारीक चिरा उघडतात.

लक्षणं अशी: इंजिन तापल्यावर आयडलिंग ७०० ते ११०० आरपीएममध्ये वरखाली होतं. स्कॅनरवर पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने पेट्रोलच्या मात्रेत केलेली दुरुस्ती, आयडलला +१८ टक्के, तीच २५०० आरपीएमला धरून ठेवलं की +४. बूस्ट ०.८ बारला जायला हवा, तो ०.६ च्या पुढे सरकत नाही. जोरात ओढून पाय एकदम काढला की टर्बोकडून फडफड ऐकू येते.

विचार असा आहे की ४ मिमीचा सिलिकॉन पाइप पाच मीटर आणायचा आणि एका बैठकीत सगळे बदलायचे. ४ मिमी सगळीकडे चालेल का, भिंतीची जाडी किती घ्यावी, क्लॅम्प कुठे लावावेत, आणि या कामात साधारण काय चुकतं?

पाना_बारा

तुमच्या आकड्यांवरून निम्मं निदान झालंच आहे. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, पोकळी (व्हॅक्यूम) भरपूर असते आणि इंजिन एकूण हवा फार थोडी घेत असतं. चिरेतून शिरणारी हवा एअर फ्लो सेन्सरला दिसत नाही, आणि त्या थोड्या हवेत तिचा वाटा मोठा ठरतो. म्हणून +१८. २५०० ला मोजलेली हवा कितीतरी वाढते, चिरेतून येणारी मात्र वाढत नाही, म्हणून +४. आयडलला ट्रिम ठीक आणि रेसवर वाढत गेली असती, तर पाइपांना हात लावण्याआधी फ्युएल पंप, फिल्टर आणि एअर फ्लो सेन्सर तपासा म्हटलं असतं.

फडफड आणि ०.६ ला अडकणं ही दोन्ही लक्षणं एकत्र आली की सगळ्यात आधी डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पाइप बघायचा. मॅनिफोल्डमधून निघून त्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर जातो तो. पाय काढल्यावर मॅनिफोल्डमधली पोकळी या पाइपातून व्हॉल्व्ह उघडते आणि टर्बोने दाबलेली हवा परत इनटेककडे वळते. पाइप फाटला की व्हॉल्व्ह उघडत नाही, हवा कॉम्प्रेसरवर उलटते, तीच फडफड. बूस्ट असताना याच पाइपातून आलेला दाब व्हॉल्व्ह बंद धरायला मदत करतो. तो दाब पोचला नाही की स्प्रिंग एकटी पुरत नाही आणि व्हॉल्व्ह थोडा उघडून बूस्ट सोडतो. शिवाय आयडलला त्याच चिरेतून हवा आत येते. तुमची तिन्ही लक्षणं या एका पाइपात बसतात. पण बाकीचे पाइप त्याच वयाचे आणि त्याच उष्णतेतले आहेत, त्यामुळे सगळे बदलायचा विचार बरोबरच आहे.

एकच भेंडोळं आणून सगळीकडे लावणं मात्र चुकीचं. टर्बो इंजिनावर बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पाइपांची कामं वेगळी असतात. विकत घ्यायच्या आधी प्रत्येक पाइपाला दोन प्रश्न विचारा: याच्यात फक्त पोकळी असते, फक्त दाब असतो, की दोन्ही आलटून पालटून? आणि आतून नुसती हवा जाते, की पेट्रोलची वाफ किंवा ऑइलचे कण? टर्बो नसलेल्या इंजिनात मॅनिफोल्डचा सैल पाइप पोकळीमुळे निपलवर ओढून धरला जातो. इथे तोच पाइप बूस्टला बाहेर ढकलला जातो. म्हणून नुसता घट्ट बसलाय यावर समाधान मानता येत नाही.

तुमच्या मांडणीत साधारण हे पाइप असतील.

कॉम्प्रेसरकडून सोलेनॉइडला, आणि सोलेनॉइडकडून वेस्टगेटच्या अ‍ॅक्च्युएटरला, म्हणजे त्याचा दांडा हलवणाऱ्या डब्याला: इथे दाबच असतो. सगळ्यात जास्त जपायचे हे दोन. यातला एक निघाला किंवा फाटला तर वेस्टगेट उघडायला दाबच पोचत नाही, टर्बो थांबत नाही आणि बूस्ट मर्यादेबाहेर जातो. पी०२३४ येतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंधन किंवा थ्रॉटल कापतो. दाबावर चालणाऱ्या वेस्टगेटमध्ये फाटका पाइप म्हणजे बूस्ट जास्त, कमी नव्हे. बरेच जण इथे उलटा अंदाज बांधतात. दोन्हींना क्लॅम्प हवाच.

सोलेनॉइडचं तिसरं तोंड टर्बोच्या आधीच्या इनटेक पाइपात जातं. तिथे दाब फार नसतो, पण तो उघडा राहिला तर फिल्टर न झालेली, न मोजलेली हवा आत येते.

फ्युएल प्रेशर रेग्युलेटरचा पाइप, तुमच्या इंजिनावर तो असेल तर: यात पोकळीही आणि दाबही. रेग्युलेटर इंजेक्टरच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक कायम ठेवतो, समजा ३ बार. मॅनिफोल्डमध्ये ०.८ बार बूस्ट असताना रेलमध्ये ३.८ व्हायला हवेत. पाइप निघाला तर रेल ३ वरच राहते, इंजेक्टरला फरक मिळतो २.२ चा, आणि पेट्रोल सुमारे १४ टक्के कमी पडतं, तेही नेमकं पूर्ण लोडवर. तिथून नॉकिंग आणि जळलेला पिस्टन फार लांब नसतो. हा पाइप काढाल तेव्हा आतून वास घ्या. ओलं पेट्रोल असेल तर रेग्युलेटरचा डायफ्रॅम फाटलाय, नुसता पाइप बदलून काही होणार नाही.

डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पाइप: पोकळी आणि दाब दोन्ही. तो थ्रॉटलच्या पुढे, थेट मॅनिफोल्डवरच जोडा, आणि त्याच्यावर टी (तीन तोंडांचा जोड) टाकून दुसरं काही घेऊ नका.

ब्रेक बूस्टरचा पाइप, कॅनिस्टरच्या पर्जचा (पेट्रोलच्या टाकीची वाफ इंजिनात ओढणारा) आणि क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातल्या, हवेचा, हे तिन्ही तुमच्या भेंडोळ्यातून कापायचेच नाहीत. ब्रेक बूस्टरला ब्रेकसाठीच बनवलेला जाड भिंतीचा व्हॅक्यूम होस किंवा कंपनीचा तयार पाइप घ्या, चेक व्हॉल्व्हसकट (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप). होसवर एसएई जे१४०३ असं छापलेलं असतं. साधा पाइप गरम झाल्यावर पोकळीने चपटा होतो आणि ब्रेक दगडासारखा लागतो.

व्यासाबद्दल: निपलचं बाहेरचं माप व्हर्निअरने घ्या, फुगवट्यावर नाही, मधल्या सरळ भागावर. पाइपाचा आतला व्यास त्यापेक्षा अर्धा ते एक मिमी कमी हवा. ४ मिमीच्या निपलवर ३.५ चा पाइप घट्ट बसतो. जुन्या पाइपाचं आतलं माप घेऊन नवा आणू नका, तो वर्षानुवर्षं ताणला गेलेला असतो. एकाच गाडीत ३.५, ५ आणि ८ मिमी असे तीन व्यास निघाले तर नवल नाही.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण थंड हवं, कारण उष्णतेने मऊ झालेली प्लास्टिकची निपलं ओढताना वाकतात, आणि टर्बोच्या घरावर भाजतं ते वेगळंच. आधी फोटो काढा, मग प्रत्येक पाइपाच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नंबर. बॉनेटच्या आतल्या बाजूला व्हॅक्यूमची आकृती चिकटवलेली असेल तर पाइप तिच्याशी ताडून बघा. आणि एका वेळी एकच पाइप: काढा, मापून कापा, बसवा, मगच पुढचा. सगळे एकदम काढले की सोलेनॉइडची तीन तोंडं आणि दोन टी हमखास उलटेपालटे होतात.

जुना पाइप निपलवरून ओढू नका. निपलच्या टोकापलीकडे पाइप कापा, उरलेला तुकडा ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरून सोला. ब्लेडचं पातं रबरात अर्ध्यापर्यंतच जाऊ द्या, बाकीचं बोटांनी फाडा. निपलवर ब्लेडची उभी रेघ पडली तर नवा पाइप कितीही घट्ट असला तरी त्या रेघेतून हवा जाते.

नवा तुकडा धारदार ब्लेडने काटकोनात कापा. कटर पक्कडने टोक चपटं होतं. लांबी जुन्याइतकी, आणि इंजिन माउंटिंगवर हलतं तेवढी ढील म्हणून एक ते दोन सेंटीमीटर जास्त. फार ढील ठेवली की पाइप लोंबून गरम भागाला टेकतो. बसवताना ऑइल, ग्रीस किंवा सिलिकॉन स्प्रे नको. टोक नुसतं पाण्यात बुडवा. सिलिकॉनचा अंश इनटेकमधून जळून बाहेर गेला तर ऑक्सिजन सेन्सर खराब होतो.

रबरतंत्र

वरच्या उत्तरात मटेरियलचा भाग राहून गेलाय, तो नीट सांगतो, कारण सिलिकॉन म्हणजे सगळ्यात भारी असा समज फार पसरलेला आहे.

सिलिकॉन १८० अंश सेल्सिअसच्या आसपास आरामात टिकतं, वर्षानुवर्षं मऊ राहतं, कोरड्या हवेसाठी उत्तम. पण पेट्रोलची वाफ त्याच्यातून आरपार झिरपते आणि ऑइलने ते फुगून लिबलिबीत होतं. दुसरं असं की सिलिकॉनला एकदा खाच पडली की ती फाटत जाते. वर्म ड्राइव्ह क्लॅम्पच्या पट्टीला खाचा असतात, त्यातून सिलिकॉन किसल्यासारखं बाहेर येतं. त्याच्यावर स्प्रिंग क्लॅम्प किंवा आतून गुळगुळीत पट्टीचा क्लॅम्पच लावा.

ईपीडीएम उष्णता आणि ओझोनला चांगलं, ऑइल आणि पेट्रोलला अजिबात नाही. मूळ काळे पाइप बहुधा याचेच असतात. वरून ऑइल गळत असेल तर नवे पाइपही लवकर जातील, म्हणून व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट ओलं असेल तर ते आधी बदला.

नायट्राइल ऑइल आणि पेट्रोलला चालतं, पण १०० ते १२० अंशांच्या पुढे कडक होत जातं आणि ओझोनने तडकतं. टर्बोपासून लांब ठीक. एफकेएम, म्हणजे ज्याला बाजारात व्हायटॉन म्हणतात, ते २०० अंशांपर्यंत आणि इंधनाला दोन्हीला चालतं; महाग आणि जरा ताठ. पर्जच्या पाइपाला इंधनाच्या वाफेचा होसच हवा, एसएई जे३० छापलेला, किंवा मूळचा नायलॉनचा. क्रँककेसच्या पाइपात ऑइलचे कण असतात, तिथे कंपनीचा साच्यातला पाइपच घ्या. सरळ पाइप वाकवून घातला की वळणावर मुरगळतो आणि क्रँककेसमध्ये दाब साठतो.

भिंतीची जाडी: ३.५ ते ४ मिमी आतल्या व्यासाला निदान २ मिमी भिंत. ६ मिमीच्या पुढे ३ मिमी, किंवा आतून विणलेला धागा असलेला. खात्रीची चाचणी सोपी आहे. तुकडा गाडीत जेवढा वाकणार आहे तेवढा वाकवा, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा आणि लगेच हातपंपाने ०.७ बार पोकळी लावा. वळण आत बसलं तर तो पाइप नको.

झिप टाय चालतो का हे नेहमी विचारलं जातं. तो पाइपाला गोल आवळत नाही, गाठीपाशी एक जागा सैल राहते. बारीक पाइपावर, पोकळीच्या बाजूला, निसटू नये म्हणून लावायला हरकत नाही. वेस्टगेटच्या पाइपावर नको.

डिझेलधारी

हा धागा डिझेलवालेही वाचतील म्हणून जोडतो, कारण तिथे हिशेब उलटा आहे आणि वरचं वाचून कुणी चुकीच्या ठिकाणी शोधत बसायला नको.

डिझेलमध्ये मॅनिफोल्डच्या पोकळीवर भिस्त नसते. वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, कॅमशाफ्टवर किंवा अल्टरनेटरच्या मागे, आणि त्याच्यावर ब्रेक बूस्टर, टर्बोचा अ‍ॅक्च्युएटर आणि काही गाड्यांत ईजीआरही (एक्झॉस्टचा काही भाग परत इनटेकमध्ये सोडणारी झडप) चालतो. व्हेन (एक्झॉस्टची वाट कमीजास्त करणारी पाती) फिरणाऱ्या टर्बोत साधारणपणे पोकळीने दांडा ओढला जातो तेव्हा व्हेन मिटतात आणि बूस्ट वाढतो. त्यामुळे इथे पाइप फाटला की बूस्ट कमी, पी०२९९, गाडी खालच्या आरपीएमला ओढत नाही. पेट्रोलच्या दाबवाल्या वेस्टगेटच्या नेमकं उलट. काही नव्या पेट्रोल इंजिनांतही वेस्टगेट पोकळीने बंद धरलेला असतो, त्यांनाही हेच लागू.

सोलेनॉइडची तीन तोंडं: एक पंपाकडून, एक अ‍ॅक्च्युएटरला, एक वातावरणात उघडं, त्याच्यावर छोटा फोम फिल्टर. पहिली दोन उलटी जोडली तर अ‍ॅक्च्युएटर नीट चालत नाही. फोम फिल्टर धुळीने बंद झाला तर साठलेली पोकळी सुटत नाही, दांडा ओढलेलाच राहतो आणि पाय दाबला की बूस्ट जास्त होऊन गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे मुद्दाम कमी ताकदीत, जाते. पाइप नवे, सोलेनॉइड नवा, तरी ओव्हरबूस्ट, असं असेल तर हा फिल्टर आधी बघा.

तपासायचा क्रम असा: पंपाच्या तोंडावर गेज लावा, आयडलला ०.८ बारच्या वर पोकळी यायला हवी. उंचावरच्या ठिकाणी हवेचा दाबच कमी, तिथे आकडा थोडा खाली येतो. मग तेच गेज सोलेनॉइडच्या आत येणाऱ्या तोंडाशी. फरक दिसला तर मधला पाइप किंवा व्हॅक्यूमची टाकी गळतेय. शेवटी हातपंप थेट अ‍ॅक्च्युएटरवर: ०.६ बार लावून एक मिनिट सुई पडता कामा नये, आणि दांडा सलग सरकला पाहिजे. सुई स्थिर पण दांडा झटके देत असेल तर व्हेनवर काजळी बसलीय, पाइपांचा दोष नाही.

घाटवळण

सगळ्यांचे आभार. डायव्हर्टरचा पाइप मॅनिफोल्डच्या निपलपाशी खालच्या बाजूने फाटलेला निघाला, वरून दिसतच नव्हता. तीन ठिकाणी अडलोय.

एक, कॉम्प्रेसरकडून सोलेनॉइडला जाणारा जुना पाइप सोलताना आत पितळेचा नळीसारखा तुकडा सापडला, मध्ये साधारण १ मिमीचं भोक. तो कचरा आहे की मुद्दाम घातलेला? दोन, एका चेक व्हॉल्व्हवर बाण पुसला गेलाय. तीन, प्लास्टिकच्या टीचं एक टोक हातात आलं.

पाना_बारा

तो तुकडा टाकू नका. तो रिस्ट्रिक्टर आहे आणि बूस्ट कंट्रोलचा अर्धा हिशेब त्याच्यावर आहे. तुमच्यासारख्या मांडणीत कॉम्प्रेसरकडून येणारा दाब त्या भोकातून मोजकाच येतो, सोलेनॉइड त्यातला काही इनटेककडे सोडून देतो, आणि उरलेला वेस्टगेटला मिळतो. तो तुकडा नसेल तर सोलेनॉइड सोडेल त्याहून जास्त हवा मागून येत राहते, अ‍ॅक्च्युएटरला जवळजवळ पूर्ण दाब मिळतो, वेस्टगेट लवकर उघडतो आणि बूस्ट स्प्रिंगच्या पायरीपाशीच थांबतो. नवे पाइप घातल्यावर गाडी आधीपेक्षा मंद झाली, अशी तक्रार वाचाल तेव्हा बहुतेक वेळा हा तुकडा कचऱ्यात गेलेला असतो. तोच जर चुकून अ‍ॅक्च्युएटरच्या बाजूच्या पाइपात गेला तर परिणाम उलटा: दाब उशिरा पोचतो आणि बूस्टचा आकडा वर उडी मारून मग खाली येतो.

म्हणून नव्या पाइपात त्याच बाजूला, कॉम्प्रेसरच्या टोकापासून तेवढ्याच अंतरावर घाला. भोक कार्बोरेटर क्लीनरने धुऊन फुंकून घ्या. तार किंवा टाचणी घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. पाइप सैल असेल तर तुकडा आत सरकत जातो, त्याच्या दोन्ही बाजूंना बाहेरून एकेक बारीक झिप टाय हलका आवळा. झिप टायचा खरा उपयोग इथे आहे. आणि आधी काढलेले बाकीचे जुने पाइपही दाबून बघा, आत आणखी एखादा असू शकतो.

चेक व्हॉल्व्हची दिशा तोंडाने फुंकून कळते, पण तो कुठला आहे त्यावर बसवायची बाजू ठरते. नियम साधा आहे: हवा मॅनिफोल्डकडे जाऊ शकली पाहिजे, मॅनिफोल्डकडून परत येता कामा नये. ब्रेक बूस्टर, पर्ज, क्रँककेस, तिन्हींना हेच. म्हणजे ज्या टोकातून फुंकल्यावर हवा जाते ते टोक बूस्टरच्या किंवा कॅनिस्टरच्या बाजूला. दोन्ही बाजूंनी थोडीशीही हवा जात असेल तर व्हॉल्व्ह बदला. पर्जचा चेक व्हॉल्व्ह गळत असेल तर बूस्ट कॅनिस्टरमध्ये शिरतो, आणि क्रँककेसचा गळत असेल तर इंजिनात दाब चढून ऑइल सीलमधून बाहेर येतं, डिपस्टिक वर उचलली जाते.

टी नवीनच घ्या, शक्यतो पितळेची किंवा काच तंतू घातलेल्या नायलॉनची. चिकटवलेली टी तापून सुटते, आणि सुटली की तुकडा थेट इनटेकमध्ये जातो. टीच्या तिन्ही तोंडांचा व्यास जुन्याइतकाच ठेवा.

मोकळा_श्वास

बसवून झाल्यावरच्या तपासणीबद्दल लिहितो, कारण चालू इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून आरपीएम बदलतो का ते बघा, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. टर्बो गाडीवर तो धोकादायक आहे. ते द्रव्य पेट घेणारं असतं आणि टर्बोचं एक्झॉस्ट घर हातभर अंतरावर तापलेलं असतं.

आयडलच्या गळतीसाठी स्मोक मशीन सगळ्यात चांगलं, ०.०५ बारच्या आसपास दाब पुरतो. पण त्या दाबाला न गळणारा जोड बूस्टला गळू शकतो, म्हणून टर्बो इंजिनाला दुसरी चाचणीही लागते. एअर फ्लो सेन्सर काढून टर्बोच्या तोंडाला हवेचा निपल असलेली टोपी क्लॅम्पने घट्ट लावा आणि रेग्युलेटरने हवा सोडा. ०.२ बारपासून सुरुवात करा, साबणाचं पाणी मारत हळूहळू नेहमीच्या बूस्टपर्यंत जा, पुढे नाही. टोपी सुटली तर जोरात उडते, तिच्यासमोर तोंड नको.

या चाचणीत दोन गोष्टी फसवतात. क्रँककेसचा पाइप टर्बोच्या आधी इनटेकला जोडलेला असतो, त्यातून हवा इंजिनात शिरते आणि सीलवर दाब येतो. तो पाइप काढून इनटेकचं ते तोंड बंद करा. दुसरं, एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतील तर हवा सायलेन्सरमधून जाते आणि मोठी गळती आहे असं वाटतं. क्रँक पान्याने थोडा फिरवा, आवाज बदलेल. ऑइल फिलरमधून बारीक सू ऐकू आला तर घाबरू नका, पिस्टन रिंगमधून तेवढी हवा जातेच.

ब्रेकची तपासणी वेगळी करा, रस्त्यावर जायच्या आधी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते ताठ होईल. दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. मग इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा, पहिले एक-दोन दाब मऊ लागले पाहिजेत. पहिलाच ताठ लागला तर चेक व्हॉल्व्ह किंवा त्याचा जोड गळतोय. मग गाडी बाहेर काढू नका.

आणि टर्बोजवळून जाणारे पाइप नुसते सिलिकॉनचे घातले म्हणून सोडून देऊ नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या उघड्या उष्णतेसमोर सिलिकॉनही टिकत नाही. कंपनीने तिथे लोखंडी नळी देऊन फक्त टोकांना रबर ठेवलं असेल तर ती नळी काढून लांब पाइप टाकू नका. जिथे पर्याय नाही तिथे काच तंतूची, वरून चंदेरी थर असलेली बाही चढवा आणि फॅन, बेल्ट यांपासून लांब बांधा.

घाटवळण

टी आणि चेक व्हॉल्व्ह बदलले, रिस्ट्रिक्टर जागेवर घातला. एक बारीक गळती फ्युएल रेग्युलेटरच्या निपलवर निघाली, स्प्रिंग क्लॅम्प लावल्यावर थांबली. ब्रेकची तपासणी ठीक. तापल्यावर आयडलिंग ८०० ला स्थिर, मॅनिफोल्डचा दाब ३५ किलोपास्कल. ट्रिम आता आयडलला +३, २५०० ला +२. फडफड गेली.

एकच राहिलंय: तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलला बूस्ट ०.९५ पर्यंत उडी मारतो आणि मग ०.८ ला बसतो. कोड आलेला नाही.

पाना_बारा

३५ किलोपास्कल निरोगी आकडा आहे, तापलेल्या पेट्रोल इंजिनाला आयडलला ३० ते ४० अपेक्षित असतो.

उडीचं पहिलं कारण ईसीयूची जुनी सवय. इतके दिवस बूस्ट गळत होता, तो भरून काढायला ईसीयूने सोलेनॉइडचा ड्यूटी सायकल (तो किती टक्के वेळ चालू ठेवायचा ते) वाढवून ठेवलेला असतो. गळती गेली, वाढीव आकडा मात्र तसाच आहे. स्कॅनरने अ‍ॅडॅप्टेशन (ही शिकलेली सवय) पुसा, फ्युएल ट्रिमसुद्धा, आणि मधल्या लोडवर गाडी नीट चालवा. तोवर पूर्ण थ्रॉटल देऊ नका.

तरीही राहिली तर सोलेनॉइडपासून अ‍ॅक्च्युएटरपर्यंतचा पाइप बघा. जुन्यापेक्षा लांब, जास्त व्यासाचा किंवा पातळ भिंतीचा सिलिकॉन असेल तर दाब आधी तो पाइप फुगवण्यात जातो आणि अ‍ॅक्च्युएटरला उशिरा पोचतो. तिथे जुन्याइतक्याच लांबीचा ३.५ मिमी, जाड भिंतीचा तुकडा घाला. मागितलेला बूस्ट, प्रत्यक्ष बूस्ट आणि सोलेनॉइडचा ड्यूटी, हे तीन आकडे एकाच लॉगमध्ये तिसऱ्या गिअरला २००० पासून ५००० आरपीएमपर्यंत घ्या. ड्यूटी वेळेवर खाली येतोय आणि बूस्ट तरी वर जातोय असं दिसलं तर दोष पाइपात किंवा अ‍ॅक्च्युएटरमध्ये. ड्यूटीच उशिरा उतरत असेल तर अ‍ॅडॅप्टेशन अजून पूर्ण झालेलं नाही. लॉग इथे टाका, बघून सांगतो.

रबरतंत्र

लॉग घ्यायच्या आधी, इंजिन दोन-तीन वेळा पूर्ण तापून थंड झाल्यावर सगळे स्प्रिंग क्लॅम्प एकदा हाताने फिरवून बघा. नवा सिलिकॉन पाइप पहिल्या तापण्यात निपलवर थोडा बसतो आणि क्लॅम्प फुगवट्यावर सरकतो. क्लॅम्प फुगवट्याच्या मागे, सरळ भागावरच हवा. रेग्युलेटरचा सगळ्यात आधी बघा.